दयाळाच्या नांवाची हकीकत

नांव म्हणजे केवळ हांक मारण्याची सोय, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु कित्येक नांवांच्या पोटीं माणसांच्या प्रवासाचा, व्यापाराचा आणि गैरसमजाचाहि इतिहास दडलेला असतो. आमच्या परसांतील दयाळ पक्ष्याचें नांव अशांपैकींच एक होय.

हा पक्षी सुमारें साडेसात इंच लांब. नराचें मस्तक, छाती व पाठ चकचकीत काळीं, पोट पांढरें आणि पंखावर पांढरा पट्टा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागीं राखी रंग. शेपूट वरचेवर उभारण्याची त्याला भारी हौस. जमिनीवर उड्या मारीत तो किडे टिपतो. प्रसंगीं लहानशा पालीसहि सोडीत नाहीं. हिवाळ्यांत तो बहुधा मुकाच असतो. पण चैत्राची चाहूल लागली कीं पहाटे झाडाच्या शेंड्यावरून नराचें गाणें सुरू होतें. तें मादीस आमंत्रण असतें, तसेंच दुसऱ्या नरांस ताकीदहि असते. पुढें एखाद्या ढोलींत अथवा भिंतीच्या भोंकांत घरटें होतें आणि मादी चार-पांच अंडीं उबविते.

‘दयाळ’ या शब्दाचा दयेशीं संबंध जोडण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु आपल्या हद्दींत दुसरा नर शिरला असतां हा पक्षी दया कशी ती जाणत नाहीं. शिवाय हिंदींतील ‘दहियल’ आणि बंगालींतील ‘दोयेल’ हीं या नांवाचीं भावंडें पाहिलीं म्हणजे तो मोह आवरावाच लागतो.

हें देशी नांव इंग्रजांच्या कानीं पडलें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत चित्रकार एलीझर आल्बिन यानें आपल्या ग्रंथांत या पक्ष्यास ‘डायल’ म्हटलें. इंग्रजींत ‘डायल’ म्हणजे घड्याळाची तबकडी! फ्रेंच पक्षिवेत्ता लव्हायां यानें या शब्दाचा अर्थ सूर्यघटिका असा घेऊन पक्ष्याचें नांव ‘काद्राँ’ असें ठेविलें. स्वीडनच्या लिनीअसनें १७५८ सालीं त्यास ‘सौलारिस’ हें लॅटिन नांव दिलें, तेव्हां तोहि याच भ्रमांत सांपडला व ‘सोलारिस’, म्हणजे सूर्याचा, या शब्दाऐवजीं मुद्रकानें चुकीचीं अक्षरें जुळविलीं, असें एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं ठरविलें.

बिचारा मुद्रक मात्र निर्दोष होता. मद्रासच्या किल्ल्यांतील शल्यवैद्य एडवर्ड बल्कली यानें लंडनच्या जेम्स पेटिव्हरकडे हा पक्षी पाठविला, तेव्हां सोबतच्या चिठ्ठींत ‘सौलरी’ असें देशी नांव होतें. पेटिव्हरचें वर्णन १७१३ सालीं जॉन रे याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत छापलें गेलें. ‘सौ’ म्हणजे शंभर. म्हणून ‘शंभर गाण्यांचा पक्षी’ असा त्या शब्दाचा अर्थ लावितात. तेव्हां लॅटिन पोशाख चढविलेला हा शब्द मुळांत आमच्याच देशाचा ठरतो.

बल्कलीचें नांव ग्रंथांत राहिलें. ‘सौलरी’ हा शब्द त्याच्या कानीं घालणारा मद्रासकर मात्र अज्ञातच राहिला. पंडितांच्या शंका-कुशंकांतून त्याचा शब्द टिकला, हेंच त्याचें स्मारक. आग्नेय आशियांत गाण्याच्या लोभानें दयाळास पिंजऱ्यांत कोंडण्याचा व्यापार मोठा आहे. आमच्याकडे १९७२ च्या कायद्यानें वन्य पक्षी धरण्यास बंदी केली. पण ढोलीचीं जुनीं झाडें राखण्याचें काम कायद्याहून आमच्या हातीं अधिक आहे. तीं गेलीं, तर शंभर गाण्यांचा हा धनी केवळ शब्दकोशांत उरेल.