बडगामचे सहा तास

परमवीरचक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा यांचे नाव आपण सर्वांनीच ऐकलेले असते. पण त्यांनी नेमके काय केले, असे मुलांनी विचारले तर आपल्यापैकी अनेकांना चटकन सांगता येत नाही. म्हणून हा अल्पसा परिचय.

ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले बारामुल्ला लुटून श्रीनगरकडे सरकत होते. २७ ऑक्टोबरपासून आपले जवान विमानाने श्रीनगरला उतरू लागले. कुमक आणि दारूगोळा त्या एका धावपट्टीवरच येत होता. ती हातची गेली असती, तर श्रीनगर वाचवणे कठीण होते.

मेजर शर्मा तेव्हा अवघे २४ वर्षांचे, चौथ्या कुमाऊँ बटालियनच्या डी कंपनीचे प्रमुख. हॉकी खेळताना मोडलेला डावा हात प्लास्टरमध्ये होता. पण आपले जवान लढाईवर जाणार आणि आपण मागे राहायचे, हे त्यांना पटेना. हट्टाने परवानगी मिळवून ते निघाले.

३ नोव्हेंबर रोजी त्यांची कंपनी विमानतळाजवळच्या बडगाम गावी गस्तीवर होती. दुपारी अडीचच्या सुमारास टोळीवाल्यांनी तीन बाजूंनी हल्ला चढवला. एकास सात असे प्रमाण! माघार घ्यावी, तर विमानतळाची वाट मोकळी होणार. मेजर शर्मांनी जागा न सोडण्याचे ठरवले. गोळ्यांच्या वर्षावात ते उघड्यावरून धावत एका तुकडीकडून दुसरीकडे जात, जवानांना धीर देत होते. आपल्या विमानांना शत्रूचा ठावठिकाणा कळावा म्हणून कापडी पट्टेही त्यांनी स्वतःच जमिनीवर पसरले. माणसे कमी पडू लागली, तेव्हा प्लास्टरमधल्या हाताने मॅगझिन भरून ते मशीनगनवाल्यांना देऊ लागले. शत्रू ५० यार्डांवर आला आहे, पण शेवटचा जवान आणि शेवटची गोळी असेपर्यंत एक इंचही हटणार नाही, असा संदेश त्यांनी मुख्यालयाला पाठवला. थोड्याच वेळात शेजारच्या दारूगोळ्यावर उखळी तोफेचा गोळा पडला आणि ते धारातीर्थी पडले. त्यांचे जवान मात्र लढतच राहिले.

शत्रू सहा तास अडून राहिला. तेवढ्यात मागे कुमक पोहोचली व विमानतळ वाचला. ८ नोव्हेंबरला बारामुल्लाही परत मिळाले.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र सुरू झाले. या पदकाचे रेखाटन केले सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या जन्माने युरोपीय, पण मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून इथल्याच झाल्या. योगायोग असा की, त्यांची कन्या सोमनाथांच्या भावाची पत्नी! पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र कोरले. दधीची ऋषींनी देह ठेवून आपल्या अस्थी दिल्या, त्यांचे ते वज्र. बडगामच्या त्या सेनानीला याहून साजेसे चिन्ह कोणते असणार?

त्यांच्या स्मृतीस आपणा सर्वांचे विनम्र अभिवादन.