ताई महाराज प्रकरण : वारसाहक्काच्या इतिहासातील एक प्रश्न

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबा महाराज ह्यांच्या मिळकतीचा वाद मराठी वाचकास परिचित आहे तो लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून. चरित्रकारांचे लक्ष स्वाभाविकपणेच टिळकांवरील आरोप व त्यांची निर्दोष सुटका ह्यांवर खिळले. त्यामुळे मूळ विषय, म्हणजे एका मृत गृहस्थाच्या संपत्तीची व्यवस्था लागण्यास इतका काळ का लागावा हा, बाजूस पडला. वस्तुतः ह्या वादाचे मूळ व्यक्तींच्या स्वभावात जितके आहे, त्याहून अधिक ते दोन भिन्न कायदेपरंपरांच्या संधिस्थानी आहे.

बाबा महाराजांचे निधन ७ ऑगस्ट १८९७ रोजी झाले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र करून टिळक, दादासाहेब खापर्डे आदींस व्यवस्थापक नेमले. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली जामिनावर होते. अशा मनुष्यावर सरदार घराण्याने कर्जाने ग्रासलेल्या मिळकतीचा भार सोपवावा, हे तत्कालीन समाजात टिळकांविषयी असलेल्या विश्वासाचे बोलके प्रमाण होय. पत्नी ताई महाराज गर्भवती होत्या. पुत्र न झाल्यास, किंवा होऊन तो न जगल्यास, व्यवस्थापकांच्या विचाराने दत्तक घ्यावा व तो वयात येईपर्यंत व्यवस्थापकांनी कारभार पाहावा, असा मृत्युपत्राचा आशय होता. जानेवारी १८९८ मध्ये पुत्र झाला आणि दोन महिन्यांच्या आतच वारला.

येथे खरी अडचण उद्भवते. स्मृतिकारांना मृत्युपत्र ही संस्था अपरिचित होती. हिंदूंच्या मृत्युपत्रांना निश्चित वैधानिक चौकट मिळाली ती १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा व १८८१ चा प्रोबेटचा कायदा ह्यांमुळे. ह्या नव्या साधनाने मृताची इच्छा त्याच्या पश्चात व्यवस्थापकांच्या हाती जिवंत राहू शकत होती. दत्तविधान मात्र व्यवस्थापकांस करता येत नाही. मुलाचे दान जनक पित्याने वा मातेने करावयाचे आणि त्याचा स्वीकार पतीच्या पश्चात विधवेनेच करावयाचा. म्हणजे मृत्युपत्रातील योजनेची किल्ली जिच्या हाती होती, तिला त्या मृत्युपत्राने व्यवस्थापकांच्या संमतीने बांधून ठेवले होते.

शिवाय महाराष्ट्रातील विधवेचे स्थान अन्य प्रांतांहून निराळे होते. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, ह्या वसिष्ठवचनाचा अर्थ प्रांतोप्रांती वेगळा लावला गेला. मिथिलेत विधवेस दत्तकाचा अधिकारच नाही. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा हवी. द्रविड देशात सपिंडांची संमती पुरे. नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखास अनुसरणाऱ्या पश्चिम भारतात मात्र हे वचन पती जिवंत असलेल्या स्त्रीपुरतेच मानले गेले. ज्या स्त्रीस शास्त्राने हा अधिकार स्वतःचा म्हणून दिला, तिला तो इतरांच्या विचाराने वापरावयाचा होता, आणि वापरताच तिचे स्वतःचे हित संपुष्टात येणार होते. पुत्राच्या मृत्यूनंतर माता म्हणून तिला मिळालेला मर्यादित हक्क दत्तक येताच त्या दत्तकाकडे जाई. त्यानंतर तिच्या वाट्यास उरे केवळ पोषण. दत्तक अज्ञान असल्यास कारभार अनेक वर्षे व्यवस्थापकांकडे राहणार, हेही उघड होते. म्हणून मुलगा कोणता निवडावा हा प्रश्न तिच्या दृष्टीने पुढील आयुष्य कोणाच्या अधीन काढावयाचे, ह्याचा होता. चरित्रग्रंथांत ताई महाराजांचे वर्तन दुसऱ्यांच्या चिथावणीने स्पष्ट केले जाते. चिथावणी असेलही, परंतु ह्या स्थितीतील स्त्रीस विरोधाचे कारण बाहेरून पुरविण्याची फारशी गरज नव्हती.

जून १९०१ मध्ये निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे पंडित घराण्याच्या एका शाखेतील जगन्नाथ ह्या मुलाचे दत्तविधान झाले. पुढे लगेच ताई महाराजांनी प्रोबेट रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांस दत्तक घेतले. पहिला दत्तक वैध असेल तर तो जिवंत असता दुसरा आपोआप निरर्थक ठरतो. सारा वाद त्यामुळे औरंगाबादेस नेमके काय घडले, ह्या एका वस्तुस्थितीवर येऊन ठेपला. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन ह्यांनी प्रोबेट रद्द केले. त्यातून टिळकांवर फौजदारी खटला उभा राहिला. खोट्या साक्षीबद्दल १९०३ मध्ये झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने मार्च १९०४ मध्ये रद्द केली. दिवाणी दाव्याचा निकाल १९०६ मध्ये जगन्नाथाच्या बाजूने लागला, १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान वैध ठरविले. मृत्युपत्रास तोवर साडेसतरा वर्षे उलटून गेली होती. अंतिम निर्णय ऐकण्यास ताई महाराज हयात नव्हत्या.

हा पेच कायद्याने सोडविला तो १९५६ मध्ये. हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत परिणत झाला. त्याच वर्षीच्या दत्तक व पोषण कायद्याच्या १२ व्या कलमाने, दत्तकापूर्वी ज्याच्या ठायी संपत्ती निहित झाली असेल त्याच्याकडून ती दत्तकास काढून घेता येणार नाही, असे ठरले. ह्या व्यवस्थेत ताई महाराजांनी कोणासही दत्तक घेतले असते, तरी मुलाकडून वारशाने त्यांस आलेली मिळकत त्यांच्याकडेच राहिली असती.