छर्‍यांवर फिरणारं चाक

पन्हाळ्याच्या चढावर माझ्या मोटारसायकलचं पुढचं चाक घरघरू लागलं आणि डळमळलंही. मागे मुलगी बसलेली. पोटात गोळाच आला.

रविवारी अंगणात चाक खोललं. जुनी बेअरिंगं ठोकून काढली, नवी ठोकून बसवली. महिन्याभरात पुन्हा तीच घरघर! ऑइल इंजिनं आणि फाउंड्रींनी नावारूपाला आणलेल्या आपल्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. एका वृद्ध मिस्त्रींनी बेअरिंग बोटावर फिरवलं. म्हणाले, "आतल्या कड्यावर मारलासा. घाव छर्‍यांनी सोसला. बाहेरच्या कड्याएवढा पाइपचा तुकडा लावा, मग ठोका. आणि दोन बेअरिंगांमधली नळी इसरू नका."

या छर्‍यांची कुळकथा जुनी आहे. १७९४ मध्ये वेल्सच्या फिलिप वॉन यांनी गाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. घासण्यापेक्षा लोळणं सोपं, एवढंच त्यामागचं तत्त्व. एकोणिसाव्या शतकात सायकलीनं छर्रे सर्वदूर नेले. १९०७ मध्ये स्वीडनच्या कापडगिरणीतले अभियंते स्वेन विंगक्विस्ट यांनी वाकड्या दांड्याशी जुळवून घेणारं बेअरिंग शोधलं. पुढे मापंही जगभर एक झाली. म्हणून दुकानात नुसता क्रमांक सांगितला की पुरतं : ६३०१चं भोक १२ मिलिमीटर, ६३०२चं १५.

क्रमांक पुस्तकात मिळतो. घाव कुठं घालायचा, ते मिस्त्रींकडेच शिकावं लागतं. तिसरी जोडी मी पाइप लावून बसवली. मुलीला घेऊन पुन्हा पन्हाळा चढलो. चाक गप्प होतं.