रजतकणांत जपलेला काळ

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव 'रजतनगरी' म्हणून सर्वदूर परिचित आहे. चांदी म्हटली की समाजबांधवांच्या डोळ्यांसमोर जिनालयातील छत्र, चामर आणि पूजेची पात्रे उभी राहतात. परंतु याच धातूने मानवाला आणखी एक देणगी दिली. ती म्हणजे छायाचित्र.

क्लोरीन, ब्रोमीन वा आयोडीन यांच्याशी चांदीचा संयोग होऊन तयार होणारे क्षार प्रकाशसंवेदी असतात. प्रकाश लागलेल्या क्षारकणांचे विकासक द्रावणात सूक्ष्म, काळ्या रजतकणांत रूपांतर होते. उरलेला क्षार 'हायपो'च्या द्रावणात विरघळून जातो. म्हणजेच जुन्या कृष्णधवल छायाचित्रातील काळी छटा ही वस्तुतः चांदीच होय. फ्रान्सच्या दागेर यांची पद्धती १८३९ मध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली.

बुलढाणा शहर ज्या अजिंठा डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेतील अजिंठा लेण्यांत या विद्येचे मोल सिद्ध झाले. तेथील भित्तिचित्रांच्या तैलप्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नियुक्ती झाली. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. अजिंठा व वेरूळ येथील त्यांच्या ७४ छायाचित्रांचा ग्रंथ १८६४ मध्ये लंडनला प्रकाशित झाला. अवघ्या दोन वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे ठेवलेल्या तैलप्रतिकृतींपैकी बहुतेक भस्मसात झाल्या.

त्या काळचे रजतक्षार तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळे होते. त्यामुळे भित्तिचित्रांची रंगसंपदा छायाचित्रांत उतरणे शक्यच नव्हते. तरीही लेण्यांचे तत्कालीन रूप टिकून राहिले, कारण तैलचित्र एकच असते, तर काचेच्या एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघतात.

हा बोध प्रत्येक संस्थेने आणि कुटुंबाने घ्यावा असा आहे. दमट हवा व गंधकयुक्त वायू यांमुळे रजतकण झिजतात आणि चित्र पिवळसर, फिकट होत जाते. म्हणून जुनी छायाचित्रे कोरड्या, थंड जागी ठेवावीत, त्यांच्या संगणकीय प्रती काढून त्या दोन-तीन ठिकाणी जतन कराव्यात आणि मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने व्यक्तींची नावे व वर्ष नोंदवावे. नावे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत, तोवरच हे कार्य व्हावयास हवे. चेहरा चांदी जपते. नाव मात्र माणसांनाच जपावे लागते.