मातीतला नमुना बारा

शेतात कोणत्या साली काय पेरलं हे पाहायचं तर आपण गाव नमुना बारा काढतो. २०२१ पासून तर शेतकरी स्वतःच मोबाइलवर ई-पीक पाहणी भरतो. माझी उमेदीची वर्षं जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनी तपासण्यात गेली आणि त्यातून एक मत पक्कं झालं: पिकांची याहून खरी नोंद मातीतले सूक्ष्मजीव ठेवतात.

सोयाबीन घ्या. पूर्व आशियातलं हे पीक खानदेशात पसरलं ते अलीकडच्या काही दशकांत. त्याच्या मुळांवर गाठी करणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू आपल्या मातीत मुळात नव्हते म्हटलं तरी चालेल. नव्या रानात बियाण्याला या जिवाणूंचं संवर्धन लावलं नाही तर गाठी नावालाच धरतात. म्हणून १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून. पण जिवाणू एकदा रुजले की पीक बदललं तरी वर्षानुवर्षं टिकतात. फुलोऱ्यात रोप कुदळीने मातीसकट काढावं (उपटलं तर गाठी तुटून खालीच राहतात) आणि गाठ नखाने फोडावी. पाकीट न लावताही भरपूर गाठी आणि आतून गुलाबी, म्हणजे या रानात सोयाबीन आधी होऊन गेलंय. उडीद-मुगाला असं काही लावावं लागत नाही, त्यांचे सोबती इथल्या मातीत जुनेच आहेत. भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतून आला, तरी चवळी-मुगाच्याच जिवाणूंनी त्याला आपलं केलं.

मातीत वाईटाचीही नोंद राहते. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी हरभरा नसतानाही सहा वर्षांपर्यंत तग धरते. तुरीची मर करणारी फ्युजॅरियम बुरशी बटलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधल्या पुसा इथे अभ्यासली. आपल्याकडे जुनी माणसं ज्वारीत तुरीच्या ओळी टाकत. पुढे प्रयोगांतही दिसलं, की ज्वारीच्या सोबतीने तुरीची मर कमी होते. ती जुनी माणसं बुरशीचं नाव जाणत नव्हती, बेवड जाणत होती. बेवड म्हणजे कुठल्या पिकामागे कोणतं चांगलं येतं, आणि हे गावात तोंडपाठ असे. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप शेतात बसवण्याची रीतही त्याच जाणतेपणातली. लेंडी-मुताने जमिनीतल्या जिवाणूंना खाद्य मिळतं.

पिकांची ही सांगड पुढे मोडत गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशात कापूस वाढला. तरी ज्वारी, तूर, तीळ रानात होतेच. २००२ नंतर बीटी कपाशी आली, ज्वारी आक्रसत गेली. रावेर-यावलकडे केळीमागे केळी घेतल्याने सूत्रकृमी साठत जातात. ज्वारीचं जाणं मला सगळ्यात जास्त लागतं, कारण तिच्याबरोबर बेवड विचारणंही गेलं.

२०१५ मध्ये सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका बारा गोष्टी सांगते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. पत्रिका उपयोगाची आहे, पण तिच्यात एकही जिवंत गोष्ट नाही. म्हणून मी नमुन्याच्या पिशवीसोबत एक चिठ्ठी मागत असे: आधीची पिकं, मर कुठे होती, गाठी आतून गुलाबी की हिरवट. आणि हे घरातल्या बाईला विचारा, असं सांगायचे. निंदणी-खुरपणी तिच्या हातची, कोणत्या ओळीत झाडं वाळली ते तिला नेमकं आठवतं.