विहिरीच्या पाण्याची तपासणी : नमुना घेण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत

ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळजोडणी देणारे देशातील पहिले राज्य म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गोव्याची नोंद झाली. तरीही परसातील विहीर गोमंतकीयाच्या जीवनातून गेलेली नाही. जलवाहिनी फुटून दोन दिवस नळ कोरडा राहिला की साऱ्या वाड्याची पावले विहिरीकडे वळतात, आणि नळ चालू असतानाही अनेक घरांत पिण्यासाठी विहिरीचेच पाणी पसंत केले जाते. नळाच्या पाण्यावर सरकारी यंत्रणेची देखरेख असते. खासगी विहिरीच्या पाण्याची काळजी मात्र घरच्यांनाच वाहावी लागते. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, पण काही गोष्टी नीट शिकून घ्याव्या लागतात. त्यांतील पहिली गोष्ट नमुना घेण्याची.

प्रयोगशाळेत तपासले जाते ते बाटलीतील पाणी. विहिरीतील पाणी तिथे कुणी पाहत नाही. बाटली शीतपेयाची असेल, झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लागले असेल किंवा भरलेली बाटली दिवसभर दुचाकीच्या डिकीत तापली असेल, तर यंत्र कितीही महागडे असले तरी अहवाल त्या विहिरीचा राहत नाही. चांगली विहीर दूषित ठरली तर मनस्ताप आणि थोडा खर्च होतो. दूषित विहीर चांगली ठरली तर तेच पाणी निर्धास्तपणे मुलांच्या पेल्यात जाते. दुसरी चूक अर्थातच अधिक गंभीर आहे.

एका विहिरीसाठी किमान दोन बाटल्या लागतात आणि दोहोंचे नियम परस्परविरोधी आहेत. रासायनिक तपासणीसाठी एक ते दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. ती ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि काठोकाठ भरावी. जिवाणू तपासणीची बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक करूनच मिळते. ती मुळीच विसळू नये. क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी दिलेल्या बाटलीत तळाशी सोडियम थायोसल्फेटचा अंश असतो. नमुन्यातील क्लोरीन तो निष्प्रभ करतो, म्हणजे प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतल्या बाटलीत जिवाणू मरत राहत नाहीत. विसळताना हा अंशच निघून जातो. ही बाटली काठोकाठही भरू नये, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडावी. झाकण काढल्यावर ते हातातच धरावे, कठड्यावर उपडे ठेवू नये. धातूंच्या तपासणीसाठी वेगळी बाटली घ्यावी लागते. जमिनीखाली विरघळलेले लोह हवा लागताच गढूळ तांबूस होऊन तळाशी बसते आणि वरच्या निवळ पाण्यात ते कमी भरते. म्हणून अशा बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. हे काम प्रयोगशाळेवरच सोपवावे, घरी आम्ल हाताळू नये. डिचोली, सत्तरी, सांगे या खनिजपट्ट्यातील वाचकांनी ही तिसरी बाटली आवर्जून मागावी.

उघड्या विहिरीचा नमुना रोजच्या बालदीने काढू नये. बालदीच्या तळाला अंगणातील माती असते, दोराला हातांचा मळ असतो. बाटलीलाच स्वच्छ दोर आणि वजनासाठी धुतलेला दगड बांधावा. बाटली कडेला न घासता सावकाश सोडावी आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीस-तीस सेंटिमीटरवर भरू द्यावी. वरचा तवंग नको आणि तळाचा गाळही नको. पंप बसवला असेल तर पाणी टाकीत पडण्यापूर्वीच्या तोटीतून घ्यावे, नाहीतर विहिरीऐवजी टाकीचीच तपासणी होते. तोटीची जाळी किंवा रबरी नळी काढावी. तोंड धातूचे असल्यास ज्योतीने तापवावे, प्लास्टिकचे असल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. मग दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन बारीक धारेने बाटली भरावी. विहिरीत क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर घालायची असेल तर ती नमुना घेतल्यानंतर. पाहुणे येण्याआधी घर झाडावे तशी तपासणीपूर्वी विहीर 'स्वच्छ' करण्याची सवय पुष्कळांना असते. अशाने अहवाल चांगला येतो, पण तो त्या दिवसापुरताच.

जिवाणूंचा नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. उबदार बाटलीत काही जिवाणू वाढतात, काही मरतात आणि मूळ संख्या कळण्याचा मार्ग उरत नाही. शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी पोहोचवणे व्यर्थ आहे. आधी प्रयोगशाळेची वेळ विचारावी, मग विहिरीवर जावे.

काही चाचण्या मात्र जागेवरच करायच्या असतात. तापमान, सामू आणि शेष क्लोरीन ही मापे प्रवासात बदलतात. जल जीवन मिशनच्या धोरणानुसार गावातील पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. त्या संचातील बहुतेक चाचण्या रंगावर चालतात. ठरावीक पाण्यात ठरावीक थेंब टाकायचे, सांगितलेली मिनिटे थांबायचे आणि रंगपट्टीशी ताडून पाहायचे. हे दिवसाच्या उजेडात करावे, कारण पिवळ्या दिव्याखाली फिकट रंग फसवतात. संचावरील मुदतीची तारीख पाहावी. मुदत संपलेले द्रावण रंग देतच नाही आणि पाणी निर्दोष वाटते.

जिवाणूंसाठी संचात छोटी कुपी असते. तिची पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी विकसित केली आणि १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवतात. विष्ठेबरोबर पाण्यात येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, कुपीतील लोहक्षाराशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळे पडते. चाचणी स्वस्त आणि सोपी आहे, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. काही भूजलात हा वायू मुळातच असतो, त्यामुळे कुपी विनाकारण काळी पडू शकते. उलट कुपी काळी पडली नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. कुपी काळी पडली तर प्रयोगशाळेत नमुना पाठवावाच. शंका असल्यास एका कुपीत उकळून गार केलेले पाणी घालून ती सोबत ठेवावी. तीही काळी पडली तर दोष हाताळणीत आहे. वापरलेल्या कुपीत जंतुनाशक घालून, थोडा वेळ थांबूनच ती रिकामी करावी.

बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या टीडीएस मीटरविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. ही पेनासारखी वस्तू पाण्यातून वीज किती वाहते हे पाहून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते, त्यापलीकडे काही नाही. जिवाणू तिला दिसत नाहीत, कीटकनाशके दिसत नाहीत. जांभ्यातून झिरपणारे पाणी सहसा मृदू आणि कमी क्षारांचे असते. त्यामुळे आपल्याकडे पेनावर साठ-सत्तर असा आकडा सहज येतो आणि घरातील सारे समाधानी होतात. शेजारच्या शोषखड्ड्याचे पाणी झिरपत असले तरी तो आकडा फारसा हलणार नाही. किनाऱ्यालगत मात्र हेच पेन उपयोगी पडते. बार्देश किंवा सासष्टीच्या समुद्रकाठच्या विहिरीत मार्च ते मे दरम्यान आकडा आठवड्यागणिक चढत असेल, तर उपसा जास्त होऊन खारे पाणी आत येत असण्याची शक्यता असते.

अहवाल हाती आल्यावर तो भारतीय मानक १०५०० शी ताडून पाहावा. त्यानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये. येथे सवलत नाही. नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून तिच्यातही सवलत नाही. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांना अपायकारक ठरते. अहवालात नायट्रेट आणि जिवाणू दोन्ही जास्त दिसले तर प्रथम शोषखड्डा, गोठा आणि खताचा ढीग यांच्याकडे पाहावे. सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा. जांभ्याच्या भागात तो ६.५ च्या खाली असणे नवलाचे नाही, पण असे पाणी लोखंडी नळ हळूहळू खाते. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत.

केंद्राच्या नियमावलीनुसार रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणू तपासणी दोनदा, पावसापूर्वी व पावसानंतर, व्हावी. गोव्यासाठी हे किमान समजावे. जांभा सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्या आणि भेगा असतात. वाळूच्या थरात पाणी सावकाश गाळले जाते, जांभ्यात ते वाटा शोधून धावते. जूनच्या पहिल्या सरींनंतर विहिरीची पातळी काही दिवसांतच वर येते आणि जमिनीवर साठलेली घाणही त्याच वाटेने आत उतरते. मे महिन्यातील स्वच्छ अहवाल जूनच्या मध्यास जवळजवळ निरुपयोगी असतो. जिवाणूंसाठी एकच नमुना परवडत असेल तर तो पहिल्या जोरदार पावसानंतरच्या आठवड्यात घ्यावा.

नमुना दूषित निघाला तर तात्पुरता उपाय म्हणून पाणी उकळावे आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर घालावी. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास दोन मीटर आणि पाणी तीन मीटर खोल असेल तर पाणी सुमारे ९,४०० लिटर भरते आणि पावडर तेवीस-चोवीस ग्रॅम लागते. ती बालदीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून बालदीनेच पाणी ढवळावे. तासाभराने लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम शेष क्लोरीन मिळाले पाहिजे. हे काम संध्याकाळी उरकून पाणी सकाळी वापरावे. पुढे आठवड्याने पुन्हा नमुना घ्यावा. तो पुन्हा दूषित आला तर पावडर वाढवत बसण्यात अर्थ नाही. विहिरीचा कठडा, भोवतालचे जोते आणि शोषखड्ड्याचे अंतर पाहावे. हे अंतर किमान १५ मीटर असावे असे सांगितले जाते, पण जांभ्यात तेवढेही नेहमी पुरत नाही.

जल जीवन मिशनखालील सरकारी प्रयोगशाळांत अल्प शुल्कात सर्वसामान्यांनाही पाणी तपासून घेता येते. बाटलीवर न पुसणाऱ्या शाईने विहिरीचे ठिकाण, तारीख, वेळ, नमुना कुठून घेतला आणि घेणाऱ्याचे नाव लिहावे. आदल्या दोन दिवसांत पाऊस पडला होता का, विहिरीत पावडर घातली होती का, आणि विहीर किनाऱ्याजवळ असल्यास भरती होती की ओहोटी, हेही लिहावे. वर्षभरानंतर दोन अहवालांतील फरक समजून घ्यायचा झाला तर आकड्यांइतकाच या नोंदींचा उपयोग होतो. म्हणून अहवालाची प्रत आणि ही नोंद एकाच वहीत ठेवावी.