जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल : एक मनोरा पडला, चिरा मात्र टिकला

पणजीहून फोंड्याकडे जाणाऱ्या बसने जुन्या गोव्यात उतरलं की रस्त्याच्या एका बाजूला लालसर बॉम जेझस आणि दुसऱ्या बाजूला पांढरं से कॅथेड्रल दिसतं. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष बॉम जेझसमध्ये असल्याने गर्दी तिकडे. से कॅथेड्रलचा बरेच जण बाहेरूनच फोटो काढतात. खरं तर आकाराने तेच मोठं, जवळपास २५० फूट लांब.

'से' म्हणजे बिशपचं पीठ. अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा घेतला. तो दिवस सेंट कॅथरीनच्या सणाचा, म्हणून हे चर्च तिच्या नावाने. आजच्या इमारतीचं काम १५६२ मध्ये सुरू झालं, मुख्य बांधकाम १६१९ ला संपलं, तर आतल्या वेद्या पूर्ण व्हायला १६५२ उजाडलं. म्हणजे नव्वद वर्षं!

बाहेरून इमारत साधी, आत मात्र उंच खांब आणि सोन्याचा मुलामा दिलेली भव्य वेदी. वेदीवर सेंट कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत.

समोरून बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. कारण मनोरा एकच आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. ती सोन्याची नाही, गोड आवाजामुळे हे नाव पडलं. पण इन्क्विझिशनच्या काळात, म्हणजे धर्माच्या नावाखाली लोकांवर खटले चालायचे तेव्हा, जाहीर शिक्षेच्या वेळी हीच घंटा वाजवत, असं सांगतात. हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्या जवळची गोष्ट. या भिंती आपल्याच जांभ्या चिऱ्याच्या आहेत. चिरा पाणी पितो हे कोकणात कुणाला सांगायला नको. म्हणून पूर्वीच्या कारागिरांनी वरून चुन्याचा गिलावा केला. बॉम जेझसचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून तिथला चिरा थेट पाऊस झेलतोय. तो पुन्हा करावा अशी मागणीही झाली आहे. से कॅथेड्रलचा गिलावा ठेवला गेला, म्हणून ते पांढरं दिसतं. दोन्ही इमारती १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

गेलात तर दोन्ही भिंती जवळून बघा. आत प्रार्थना चालू असेल तर मोबाईल खिशात ठेवा.